डॉकरवर मॅट्रिक्सचा स्वतःचा सर्व्हर: नवख्यांसाठी पहिल्यापासून

मॅट्रिक्स हा संदेशवहनाचा खुला प्रोटोकॉल २०१४ पासून चालू आहे. त्याची रचना ईमेलच्या जातीची आहे: ज्याचा त्याचा सर्व्हर वेगळा, तरी कुणीही कुणाशीही बोलू शकतो. फ्रान्स सरकारने २०१९ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी त्यावर स्वतःची सेवा उभारली. जर्मन लष्कराचा मेसेंजर त्यावरच चालतो. मोझिलाने २०२० मध्ये आयआरसीवरच्या आपल्या जुन्या गप्पा तिकडे हलवल्या. पण त्यासाठी सरकार असायला लागत नाही. दहा-वीस जणांचा ट्रेकिंग ग्रुप, गावातलं वाचनालय, चार देशांत पांगलेलं कुटुंब, यांतल्या कुणाचंही काम एका साध्या भाड्याच्या सर्व्हरवर निभतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसू द्या, कारण पुढचे बहुतेक निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. मॅट्रिक्समधली रूम कुठल्याही एका सर्व्हरच्या मालकीची नसते. रूममध्ये तीन सर्व्हरांवरचे लोक असतील, तर तिन्ही ठिकाणी तिची प्रत असते. प्रत्येक संदेशावर पाठवणाऱ्या सर्व्हरची डिजिटल सही असते आणि बाकीचे सर्व्हर ती तपासूनच संदेश घेतात. त्यामुळे तुमचा सर्व्हर तासभर बंद पडला तरी इतरांच्या गप्पा थांबत नाहीत, आणि तो परत चालू झाला की मधलं बोलणं त्याला इतरांकडून मिळतं. यातून हेही कळतं की सगळ्यात मोलाच्या गोष्टी तीन: सर्व्हरचं नाव, त्याची सहीची किल्ली आणि डेटाबेस. डॉकर प्रत्येक प्रोग्राम ज्या वेगळ्या डब्यात चालवतो ते कंटेनर टाकाऊ असतात. कधीही मोडावेत, नवे उभे करावेत. या तिघांना मात्र जपायचं.

या लेखात कमांड आणि फायलींची नावं देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची. उदाहरणासाठी डोमेन धरूया उदाहरण.इन.

आधी काय हवं

एक डोमेन, आणि सार्वजनिक आयपी पत्ता असलेला व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर. लहान गटाला २ जीबी मेमरी आणि ४० जीबी डिस्क सुरुवातीला पुरते. त्यावर डेबियन किंवा उबुंटू घ्या. मुंबईत डेटा सेंटर असलेले पुरवठादार आहेत. बहुतेक सदस्य महाराष्ट्रात असतील तर तिथलंच मशीन घ्यावं.

घरातल्या जुन्या लॅपटॉपवर चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालू शकतं, पण आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळतच नाही. अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे बसवलेले असतात, त्यामुळे बाहेरचा सर्व्हर तुमच्या घरापर्यंत पोचू शकत नाही. पुरवठादाराकडून जादा पैसे भरून स्थिर आयपी मिळत असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्यांदा करताना मात्र व्हीपीएसच घ्या. शिकायला बाकी पुष्कळ आहे.

नाव ठरवणं

इथे घाई करू नका. सर्व्हरचं नाव प्रत्येक सदस्याच्या पत्त्याचा भाग होतं: ॲट चिन्ह, मग सदस्याचं नाव, मग कोलनचं चिन्ह (:), मग उदाहरण.इन. एकदा सर्व्हर चालू झाला की हे नाव बदलता येत नाही. तशी सोयच नाही. नवं नाव म्हणजे कोरा सर्व्हर आणि नवी खाती.

प्रोग्राम प्रत्यक्षात मॅट्रिक्स.उदाहरण.इन या उपडोमेनवर चालवावा, पण सर्व्हरचं नाव नुसतं उदाहरण.इन ठेवावं. पत्ते आटोपशीर होतात आणि पुढे मशीन बदललं तरी सदस्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. या दोघांची सांगड कशी घालायची ते खाली येईल.

डोमेनचं नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था आजच करा. ते सुटलं आणि दुसऱ्याने विकत घेतलं, तर तुमच्या सगळ्या सदस्यांचे पत्ते त्याच्या हातात जातात.

मराठी माणसाला पडणारा एक प्रश्न: सदस्याचं नाव देवनागरीत ठेवता येईल का? पत्त्यात नाही. तिथे फक्त लहान रोमन अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हं चालतात. पण दिसणारं नाव आणि रूमचं नाव देवनागरीत बिनदिक्कत ठेवता येतं, आणि रोजच्या वापरात लोकांना तेच दिसतं.

डॉकर बसवताना

डॉकर त्याच्या अधिकृत रिपॉझिटरीतून घ्या, सोबत कंपोज प्लगइन, जो एका फाइलीवरून अनेक कंटेनर एकत्र चालवतो. इंटरनेटवर अजूनही 'डॉकर-कंपोज' असं मध्ये आडवी रेघ असलेल्या कमांडचे जुने धडे सापडतात. ती पहिली आवृत्ती २०२३ च्या जुलैपासून सांभाळली जात नाही. आता मध्ये रेघ नाही, जागा सोडायची.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट फायरवॉलची. उबुंटूवर यूएफडब्ल्यू हा फायरवॉल लावून आपण निर्धास्त होतो. पण कंपोज फाइलीत एखादं पोर्ट बाहेर उघडलं की डॉकर आयपी-टेबल्समध्ये (लिनक्सची नेटवर्क-नियमावली) स्वतःचे नियम घालतो आणि ते यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातात. यूएफडब्ल्यूच्या यादीत पोर्ट बंद दिसतं आणि जगाला मात्र तुमचा डेटाबेस उघडा दिसतो. म्हणून नियम साधा ठेवा: बाहेर फक्त कॅडीची (दारावरचा वेब सर्व्हर) ८० आणि ४४३ ही पोर्टं. पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि सिनॅप्स (मॅट्रिक्सचा सर्व्हर प्रोग्राम) यांच्या कंटेनरांना 'पोर्ट्स' हा विभागच लिहायचा नाही. कंपोजच्या अंतर्गत जाळ्यात ते एकमेकांना नावाने सापडतात.

कंपोज फाइल

एक फोल्डर करा, त्यात कंपोज.यॅमल. त्यात तीन सेवा: सिनॅप्स, पोस्टग्रेस आणि कॅडी. सिनॅप्स हा मॅट्रिक्सचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा सर्व्हर, पायथनमध्ये लिहिलेला. पोस्टग्रेस डेटाबेस. कॅडी दारावर बसतो, एचटीटीपीएसची प्रमाणपत्रं स्वतः मिळवतो आणि मुदत संपायच्या आत स्वतःच नवी करतो.

प्रतिमांच्या, म्हणजे कंटेनर ज्या साच्यांतून बनतात त्यांच्या, नावापुढे 'लेटेस्ट' लिहू नका, नेमका आवृत्ती क्रमांक लिहा. पोस्टग्रेसच्या बाबतीत तर हे सक्तीचं समजा. एका मुख्य आवृत्तीचा डेटा पुढची मुख्य आवृत्ती थेट वाचत नाही, त्यामुळे नकळत १६ चा १७ झाला तर डेटाबेस उठतच नाही.

पोस्टग्रेसला तीन गोष्टी द्यायच्या: वापरकर्ता, पासवर्ड, डेटाबेसचं नाव. आणि चौथी, जी नवखे हमखास विसरतात: पोस्टग्रेस_इनिटडीबी_आर्ग्स या चलात एन्कोडिंग यूटीएफ-८ आणि एलसी-कोलेट व एलसी-सीटाइप दोन्हींची किंमत कॅपिटल सी. अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम प्रणालीच्या आवृत्तीबरोबर बदलू शकतात, आणि ते बदलले की डेटाबेसचे इंडेक्स बिघडतात. 'सी' हा क्रम बाइटवर चालतो, तो बदलत नाही. म्हणून सिनॅप्सचा त्यावर आग्रह असतो. मराठी मजकुराला त्याने काही धक्का लागत नाही. संदेश जसेच्या तसे साठतात.

हे विसरलात तर सिनॅप्स उठतानाच कोलेशन (अक्षरक्रम) चुकीचं असल्याची तक्रार करून थांबतो. मग लोक कंपोज फाइल दुरुस्त करतात, कंटेनर पुन्हा उठवतात, आणि तीच तक्रार परत येते. कारण हे चल फक्त तेव्हाच वाचलं जातं जेव्हा डेटाबेसचा फोल्डर रिकामा असतो. अजून काहीच साठलेलं नसेल तर पोस्टग्रेसचा व्हॉल्यूम (डेटा साठवण्याची जागा) पुसून टाका आणि नव्याने उठवा. साठलेलं असेल तर डंप (डेटाबेसची फाइलीतली पूर्ण प्रत) काढून, योग्य कोलेशनचा डेटाबेस बनवून, त्यात भरावं लागेल.

याच फाइलीत लॉगची मर्यादाही घाला: 'लॉगिंग' विभागात मॅक्स-साइझ १० एम आणि मॅक्स-फाइल ३. डॉकर आपणहून लॉग छाटत नाही, आणि सिनॅप्स बोलका आहे.

कॉन्फिगरेशन तयार करणं

सिनॅप्सची प्रतिमा स्वतःच पहिली कॉन्फिगरेशन फाइल बनवून देते. 'डॉकर कंपोज रन', मग 'वजा वजा आरएम', मग 'वजा ई' लावून दोन चलं, मग सेवेचं नाव, आणि शेवटी 'जनरेट' हा शब्द. चलं अशी: सिनॅप्स_सर्व्हर_नेम म्हणजे उदाहरण.इन, आणि सिनॅप्स_रिपोर्ट_स्टॅट्स म्हणजे आकडेवारी विकसकांना पाठवायची का, येस किंवा नो. दुसरं दिलं नाही तर काम पुढे सरकत नाही.

आता डेटा फोल्डरमध्ये तीन फायली दिसतील: होमसर्व्हर.यॅमल, लॉगची कॉन्फिगरेशन आणि साइनिंग.की ने संपणारी एक. ही तिसरी फाइल उघडून पाहिलीत तर जेमतेम एक ओळ असते: ईडी२५५१९, किल्लीचा छोटासा आयडी आणि मग अक्षरांची एक रांग. हीच ती सहीची किल्ली. ती दुसऱ्या कुणाच्या हाती लागली तर तो तुमच्या सर्व्हरच्या नावाने सह्या करू शकतो. तिची एक प्रत आत्ताच, पुढे वाचण्याआधी, पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा.

फायलींचे मालकी हक्कही पाहा. कंटेनरमध्ये सिनॅप्स ९९१ क्रमांकाच्या वापरकर्त्याने चालतो. तुम्ही रूट म्हणून फाइल कॉपी केलीत तर 'परमिशन डिनाइड' दिसेल. फोल्डरची मालकी ९९१ ला दिली की प्रश्न मिटतो.

होमसर्व्हर.यॅमलमध्ये बदल थोडेच करायचे. 'डेटाबेस' विभागात सुरुवातीला एसक्यूलाइट (एक साधा डेटाबेस) असतं. ते काढून 'नेम' च्या जागी सायकॉपजी२ (पोस्टग्रेसशी जोडणारा भाग) लिहा आणि 'आर्ग्स'खाली वापरकर्ता, पासवर्ड, डेटाबेस आणि होस्ट. होस्ट म्हणजे कंपोज फाइलीतलं पोस्टग्रेस सेवेचं नाव, लोकलहोस्ट नव्हे. एसक्यूलाइटवर चालवून पाहू, नंतर बदलू, असं करू नका. लोक आले की बदलणं जिवावर येतं. 'पब्लिक_बेसयूआरएल' मध्ये एचटीटीपीएससह मॅट्रिक्स.उदाहरण.इन. यॅमलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच हव्यात. ओळ एका स्पेसने सरकली तरी फाइल वाचली जात नाही.

'एनेबल_रजिस्ट्रेशन' मुळात बंद असतं. ते बंदच राहू द्या. खुली नोंदणी ठेवलेले सर्व्हर स्पॅमवाले शोधून काढतात, आणि मग तुमच्या सर्व्हरवरून गेलेल्या घाणीमुळे इतर लोक तुमचं डोमेनच बंद करतात. फेडरेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरांच्या आपसातल्या संवादात, आपलं नाव इतरांच्या विश्वासावर चालतं. ओळखीच्यांना बोलवायचं असेल तर टोकन (आमंत्रणाचा कोड) मागणारी नोंदणी लावता येते.

कॅडी आणि दोन छोट्या फायली

कॅडीफाइलमध्ये दोन भाग लागतात. पहिला मॅट्रिक्स.उदाहरण.इनसाठी: अंडरस्कोर-मॅट्रिक्सने आणि अंडरस्कोर-सिनॅप्स स्लॅश क्लायंटने सुरू होणाऱ्या विनंत्या सिनॅप्सच्या ८००८ पोर्टकडे पाठवायच्या. अंडरस्कोर-सिनॅप्स स्लॅश ॲडमिन मात्र बाहेर उघडायचं नाही. ते सर्व्हरवर बसूनच वापरावं.

दुसरा भाग उदाहरण.इनसाठी, आणि नाव व मशीन यांची सांगड इथे बसते. बाहेरचा सर्व्हर उदाहरण.इनवर येऊन डॉट वेल-नोन स्लॅश मॅट्रिक्स स्लॅश सर्व्हर हा पत्ता मागतो. उत्तरात एका ओळीचं जेसन (नाव आणि किंमत यांच्या जोड्यांचा मजकूर) द्यायचं: एम.सर्व्हर, किंमत मॅट्रिक्स.उदाहरण.इन, पोर्ट ४४३. हे दिलं की पारंपरिक ८४४८ पोर्ट उघडायची गरज उरत नाही. याच्याच शेजारी 'क्लायंट' नावाची दुसरी फाइल, ज्यात ॲपना बेस_यूआरएल मिळतो. या दुसऱ्या उत्तराबरोबर ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन हा हेडर (उत्तरासोबतची माहितीची ओळ) ताऱ्याच्या चिन्हासह (*) पाठवा, नाहीतर ब्राउझरमधली ॲप तिला हात लावत नाहीत. फोनवर चालतं आणि वेबवर चालत नाही, असं झालं तर आधी हाच हेडर तपासायचा.

उदाहरण.इनवर तुमची आधीचीच वेबसाइट दुसरीकडे असेल, तर या दोन फायली त्या वेबसाइटवर ठेवा. कॅडीऐवजी एनजिनएक्स वापरणाऱ्यांनी अपलोडची मर्यादा वाढवावी. तिथे मुळात १ एमबी असते आणि फोनमधले फोटो त्यापेक्षा मोठे असतात.

चालू करणं

'डॉकर कंपोज अप वजा डी'. मग 'डॉकर कंपोज लॉग्ज वजा एफ' लावून थोडा वेळ नुसतं वाचत बसा. पहिल्या वेळी सिनॅप्स डेटाबेसात तक्ते बनवतो. शांत झालं की ब्राउझरमध्ये मॅट्रिक्स.उदाहरण.इन स्लॅश अंडरस्कोर-मॅट्रिक्स स्लॅश क्लायंट स्लॅश व्हर्जन्स उघडा. जेसनचा मजकूर दिसला म्हणजे कॅडीपासून सिनॅप्सपर्यंत वाट मोकळी आहे.

पहिलं खातं कंटेनरच्या आतून काढायचं: 'डॉकर कंपोज एक्झेक सिनॅप्स', पुढे रजिस्टर_न्यू_मॅट्रिक्स_यूजर, वजा सी लावून होमसर्व्हर.यॅमलचा मार्ग, आणि लोकलहोस्टचा ८००८ पत्ता. नाव, पासवर्ड आणि ॲडमिन करायचं का, हे ती कमांडच विचारते. ॲडमिन खातं वेगळं ठेवा. रोजच्या गप्पा त्यावरून नकोत.

आता फेडरेशन. मॅट्रिक्स डॉट ऑर्गचा फेडरेशन टेस्टर आहे, त्यात उदाहरण.इन टाका. सगळं हिरवं आलं की दुसऱ्या सर्व्हरवरच्या ओळखीच्या माणसाला संदेश पाठवून पाहा, आणि त्याच्याकडून उत्तर मागवा. दोन्ही दिशा तपासल्याशिवाय फेडरेशन चालतंय म्हणू नये.

मॅट्रिक्सवरच्या हजारो लोकांच्या प्रसिद्ध रूममध्ये पहिल्याच दिवशी शिरू नका. तिथे शिरताना तुमच्या सर्व्हरला त्या रूमची सगळी सदस्य-अवस्था ओढून घ्यावी लागते आणि २ जीबीचं मशीन त्यात गुदमरतं. होमसर्व्हर.यॅमलमध्ये 'लिमिट_रिमोट_रूम्स' नावाची मर्यादा आहे. ती लावली की अवाढव्य रूममध्ये कुणालाच शिरता येत नाही. लहान सर्व्हरवर ती लावावीच.

कूटबद्धता लोकांना समजावणं

तांत्रिक काम एका संध्याकाळचं. हे त्याहून अवघड आणि जास्त महत्त्वाचं. कूटबद्ध रूममधले संदेश सर्व्हरवर नुसते अगम्य अक्षरांत पडलेले असतात. तुम्ही ॲडमिन असूनही ते वाचू शकत नाही. मात्र कोण कोणत्या रूममध्ये आहे, कुणी केव्हा संदेश पाठवला, हे तुम्हाला दिसतं. सदस्यांना हे दोन्ही सरळ सांगा.

दुसरी बाजूही सांगा. संदेश उघडायच्या किल्ल्या सदस्याच्या फोनवर असतात. फोन हरवला आणि रिकव्हरी की (या किल्ल्या परत मिळवण्याचा संकेत) लिहून ठेवलेली नसेल, तर जुने संदेश कायमचे गेले. पासवर्ड तुम्ही बदलून देऊ शकता, किल्ल्या नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना खातं काढून देताना शेजारी बसा, रिकव्हरी की त्यांच्यासमोर कागदावर उतरवा आणि ती कुठे ठेवली ते त्यांनाच विचारा. काका, ही चिठ्ठी पासबुकाबरोबर ठेवा, एवढं सांगितलं की पुढचा बराच मनस्ताप टळतो.

ॲप निवडताना भारतातली एक गोष्ट माहीत हवी. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ मेसेजिंग ॲप बंद केल्याचं जाहीर झालं, त्या यादीत एलिमेंट होतं. ते मॅट्रिक्सचं सगळ्यात प्रसिद्ध ॲप, पण एकमेव नव्हे. फ्लफीचॅट, सिनी अशी इतर अनेक आहेत. प्रोटोकॉल एक आणि ॲप अनेक असण्याचं मोल अशा वेळी कळतं.

आवाजी आणि व्हिडिओ कॉलसाठी वेगळे कंटेनर लागतात. पहिल्या महिन्यात तो विषय काढू नका.

बॅकअप

चार गोष्टी: डेटाबेसचा डंप, साइनिंग.की, होमसर्व्हर.यॅमल आणि मीडिया_स्टोअरमधला लोकल_कंटेंट हा फोल्डर. रिमोट_कंटेंट सोडला तरी चालतो; ते फोटो मूळचे इतर सर्व्हरांचे, बहुधा परत मिळतात.

डंप कंटेनरमधूनच काढायचा: 'डॉकर कंपोज एक्झेक', कॅपिटल टीचा पर्याय, मग पीजी_डंप. तो टी विसरू नका. त्याने कृत्रिम टर्मिनल जोडलं जात नाही आणि फाइल शुद्ध राहते. सोबत आणखी एक पर्याय द्या: ई२ई_वन_टाइम_कीज_जेसन या तक्त्याचा डेटा वगळायचा. त्यात एकदाच वापरायच्या किल्ल्या असतात. जुन्या बॅकअपमधून त्या परत आणल्या तर वापरून झालेल्या किल्ल्या पुन्हा वाटल्या जातात आणि लोकांना 'संदेश उघडता आला नाही' असं दिसू लागतं. वगळल्या तर ॲप नव्या किल्ल्या स्वतः चढवतात.

बॅकअप त्याच मशीनवर ठेवला तर तो बॅकअप नव्हे. तो रात्रीच्या क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) दुसऱ्या पुरवठादाराकडे कूटबद्ध करून पाठवा. आणि अधूनमधून वेगळ्या मशीनवर परत उभा करून पाहा, पण तिथे नेटवर्क तोडून. एकाच नावाचे आणि एकाच किल्लीचे दोन सर्व्हर एकाच वेळी जगाशी बोलू लागले तर रूमचा इतिहास विस्कटतो.

अद्ययावत ठेवणं

सिनॅप्सची नवी आवृत्ती साधारण दर दोन आठवड्यांनी येते. दर वेळी धावायला नको, पण सुरक्षेची आवृत्ती आली तर त्याच दिवशी बसवा. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रोटोकॉलमधल्याच त्रुटींसाठी वेगवेगळ्या सर्व्हर सॉफ्टवेअरांनी एकत्र ठरवून दुरुस्त्या काढल्या आणि रूमची १२ वी आवृत्ती आणली. अशा वेळी मागे राहिलेला सर्व्हर स्वतःबरोबर इतरांनाही अडचणीत आणतो.

पद्धत अशी: बदलांची टिपणं वाचा, डंप काढा, कंपोज.यॅमलमध्ये आवृत्ती क्रमांक बदला, 'पुल', मग 'अप वजा डी', मग लॉग. डेटाबेसातले बदल सिनॅप्स स्वतः करतो. मागे परतणं दर वेळी शक्य नसतं, म्हणून डंप आधी.

डिस्कवर लक्ष ठेवा. 'मीडिया_रिटेन्शन' लावून बाहेरचे फोटो ठरावीक दिवसांनी पुसता येतात. डेटाबेसात स्टेट_ग्रुप्स_स्टेट हा तक्ता सगळ्यात फुगतो. तो आवळण्यासाठी मॅट्रिक्सच्या लोकांनीच रस्टमध्ये एक साधन लिहिलं आहे. पण मोठ्या रूम टाळल्यात तर त्याची गरज लवकर पडत नाही.

बंद करायची वेळ आली तर

सर्व्हर नुसता विझवू नका. सदस्यांना महिनाभर आधी सांगा, दुसऱ्या सर्व्हरवर नवी खाती काढून रूममध्ये त्या खात्यांना आमंत्रण द्यायला लावा. जिथे तुमच्याच सर्व्हरवरच्या खात्याकडे रूमचे ॲडमिन हक्क असतील, तिथे ते नव्या खात्याला द्या. नाहीतर रूम चालू राहते पण ती सांभाळणारं कुणी उरत नाही. मग जुनी खाती निष्क्रिय करा, म्हणजे ती रूममधून बाहेर पडतात आणि बाकीचे सर्व्हर तुमच्या बंद दारावर संदेश आपटत राहत नाहीत. हे निरोप सगळीकडे पोचेपर्यंत कंटेनर काही दिवस चालू ठेवा. डोमेन मात्र त्यानंतरही वर्षभर तरी भरत राहा.